मिटिंगच्या नोट्स कोण काढतं?

प्रश्न: ताई, मी टीम लीड आहे, नऊ जणांची टीम. दीड वर्षात तीन मुली सोडून गेल्या, तिघीही कामाला एक नंबर. मी कधी कुणावर आवाज चढवत नाही, उलट मुलींना त्रास नको म्हणून अवघड क्लायंट मुलांकडेच देतो. एक्झिट इंटरव्ह्यूला तिघी 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' एवढंच बोलल्या. एचआर म्हणतं मुलींचं असंच, लग्न ठरलं की जातात. पण तिघींपैकी कुणाचंच लग्न नाही, तिघी दुसरीकडे जॉइन झाल्यात. माझं नक्की चुकतंय काय?

उत्तर: अहो, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, 'त्रास नको म्हणून'. अवघड क्लायंट म्हणजे नुसता डोक्याला ताप नसतो, वरच्या लोकांना आपलं नाव कळतं ते तिथेच आणि अप्रेझलला दाखवायला काही हाती लागतं तेही तिथेच. ते तुम्ही काळजीपोटी काढून घेतलंत, मग त्यांच्या वाट्याला उरलं काय? मिटिंगच्या नोट्स, नव्या पोरांना शिकवणं, प्रेझेंटेशनचे फॉन्ट सारखे करणं आणि कुणाचा वाढदिवस असला की केक.

यावर अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञ बायकांनी प्रयोग केलेत, 2017 मध्ये छापून आले. कुणालाच नको असलेलं काम समोर ठेवलं तर मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा पुढे होतात, आणि काम सांगायला कुणी असला तर तो बायकांनाच 44 टक्के जास्त वेळा सांगतो. पण गटात सगळ्या बायकाच असल्या किंवा सगळे पुरुषच, तर हा फरक गायब! म्हणजे 'मुलींना आवडतं हो असलं' वगैरे काही नाही, सगळे त्यांच्याकडे बघतात म्हणून त्या हात वर करतात. तेव्हा 'नोट्स कोण घेतंय?' असं विचारणं बंद करा, पाळी लावा, त्यात तुमचंही नाव घाला.

आता अप्रेझलच्या फाइली काढा. मुलांना 'डेटाबेसचा भाग कच्चा आहे' आणि मुलींना 'जरा कॉन्फिडन्स वाढव', असं काही दिसतंय का बघा. पहिल्यावर माणूस कामाला लागतो, दुसऱ्यावर नुसता विचार करत बसतो की मी बोलले कधी आणि चुकलं कुठे.

माझ्या पहिल्या नोकरीत एक साहेब होते, स्वभावाने देवमाणूस, पण दर दोन तासांनी येऊन 'कुठपर्यंत आलं?' विचारायचे. मी काय करायचे, तर त्यांना दाखवायला एक शीट वेगळी ठेवायचे, रंगबिरंगी, ती भरण्यातच रोजचा तासभर जायचा आणि खरं काम संध्याकाळी सगळे गेल्यावर. अकरा महिन्यांत सोडली. पुढच्या बॉस सोमवारी काम द्यायच्या, 'गुरुवारी दाखव, अडलीस तर आधी ये' म्हणायच्या आणि वरती मेल जायचा तो माझ्या नावाने. तिथे मी सहा वर्षं टिकले, पगार फार नव्हता तरी.

जाणाऱ्यांना कारण विचारून काही कळत नाही, पुढे रेफरन्स लागतो, कोण खरं बोलणार! ज्या अजून आहेत त्यांना आत्ता विचारा, पुढचा अवघड क्लायंट घेतेस का, म्हणून. ती नाही म्हणाली तर नाही, पण ते तिला म्हणू द्या.

प्रश्न: ताई, माझी बॉस बाईच आहे, तरी सगळी फुटकळ कामं मलाच. म्हणते, 'आम्हीही हेच करून वर आलो.' बोलू का तिच्याशी?

उत्तर: बोल ना. त्याच प्रयोगात बायकांनीही बायकांनाच जास्त कामं सांगितली होती, त्यामुळे तुझी बॉस काही जगावेगळी नाही. पण तक्रार घेऊन जाऊ नकोस. दोन आठवडे कुठल्या कामाला किती तास गेले ते लिहून काढ, तो कागद तिच्यापुढे ठेव आणि विचार, 'मॅडम, यातलं माझ्या अप्रेझलमध्ये काय काय धरणार?'