मूल लहान असताना लिहायचं कसं?

अगं, मूल झोपल्यावर निवांत लिहीन म्हणशील तर वही कोरीच राहील. त्याच्याआधी तूच पेंगशील. त्यापेक्षा त्याच्याबरोबर खेळ. वरणभात भरवताना 'च'ची भाषा काढ: पाणी म्हणजे 'चणीपा', भाकरी म्हणजे 'चकरीभा'. भेंड्यांत गाणं आठवलं नाही, तर त्या अक्षरावरून तिथल्या तिथे ओळ रचायची. यमक हवंच, अर्थ नसला तरी चालेल.

माझी लेक कुकरच्या शिट्टीला 'भाताची हाक' म्हणाली, ते मी किराणाच्या यादीमागे टिपलं.

'केलं'ऐवजी 'करलं' म्हणालं तर लगेच सुधारू नकोस. बिचाऱ्यानं नियमच पाळलाय! मात्र त्याचे शब्द गोष्टीत घेतलेस तर आधी त्याला वाचून दाखव. माझी अजून रुसून आहे.