१९व्या शतकातील रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांपैकी संग्राहक खरोखर दुर्मिळ कोणती मानतात?

केवळ वयामुळे काडतूस दुर्मिळ होत नाही. बाजूने पितळी पिन बाहेर आलेली, फ्रेंच शस्त्रनिर्माता लफोशे याच्या पद्धतीची पिनफायर (म्हणजे पिनेवर घोडा आदळून पेटणारी) काडतुसे युरोपात प्रचंड संख्येने तयार झाली, त्यामुळे ती आजही सहज मिळतात.

खरी गंमत अमेरिकेत घडली, आणि तिच्या मुळाशी एक पेटंट होते. संशोधक रॉलिन व्हाइट यांच्या १८५५ च्या पेटंटमुळे, ज्याचा परवाना स्मिथ अँड वेसन या शस्त्रकंपनीकडे होता, सिलिंडरच्या (काडतुसे धरणाऱ्या फिरत्या नळकांड्याच्या) आरपार छिद्रातून मागच्या बाजूने काडतूस भरण्याची वाट इतर कारखान्यांना १८६९ पर्यंत बंद राहिली. त्यावर पळवाट म्हणून अमेरिकी शस्त्रनिर्माते मूर यांच्या रिव्हॉल्व्हरसाठी समोरून भरायचे टीटफायर काडतूस निघाले. त्याच्या तळाचे लहानसे बोंड सिलिंडरच्या मागच्या बारीक छिद्रात बसे आणि घोडा त्यावरच आदळे. प्लांट या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या काडतुसाचा तळ वाटीसारखा आत वळलेला असे. पेटंटची मुदत संपताच अशा रचनांचे प्रयोजनच उरले नाही, म्हणून संग्राहकांना त्यांचे अप्रूप.

कोल्ट या शस्त्रकंपनीची कागदी काडतुसे (दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली) नाजूक असल्याने मूळ वेष्टनासह टिकलेली फार थोडी आहेत. छिद्रे पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात ती बसवलेली असत, आणि माझ्या मते लेबल शाबूत असलेले असे न उघडलेले पाकीट सुट्या नगांपेक्षा कितीतरी मोलाचे.

तांब्या-पितळेला पॉलिश करू नये. जुना फल्मिनेट (आघाताने पेटणारे स्फोटक) आजही पेटू शकतो, म्हणून पिन ओढणे किंवा काडतूस उघडणे कटाक्षाने टाळावे, आणि खरेदीपूर्वी स्थानिक शस्त्रकायदा तपासावा.