कोच गेला, ऑफर गेली. आता मुलाने काय करायचं?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावीत, म्हणजे तिकडच्या भाषेत सीनियर. सहा वर्षांचा असताना पुण्याहून गेला, आधी सॉकर खेळायचा. नववीत शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचने त्याचा पाय पाहिला आणि त्याला लंबगोल चेंडूसमोर किकर, म्हणजे लाथेने चेंडू पोलमधून घालणारा खेळाडू, म्हणून उभं केलं. गेल्या उन्हाळ्यात परराज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठाने पूर्ण स्कॉलरशिपची तोंडी ऑफर दिली. नोव्हेंबरमध्ये तिथल्या मुख्य कोचला काढलं. ३ डिसेंबर २०२५ ला कॉलेजांच्या करारांवर सह्या करण्याचा दिवस आला, कागद आलाच नाही. नव्या कोचच्या माणसाने एका ओळीत कळवलं, की हवं तर ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, ये. दोन छोट्या कॉलेजांचे कोच मात्र दर आठवड्याला फोन करतात. बाबा म्हणतात खेळ पुरे झाला, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे बघ. मुलगा कुणाशी धड बोलत नाही. पत्राचा शेवट असा आहे: ‘आमच्या मुलात नेमकं काय कमी पडलं?’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरातली झोप त्यानेच उडाली आहे. तुमच्या मुलात काही कमी पडलेलं नाही. जूनमध्ये तो जेवढ्या लांबून चेंडू पोलमधून घालत होता, तेवढ्याच लांबून आजही घालतो. मधल्या काळात त्याला निवडणारा माणूस बदलला. तोंडी ऑफर ही त्या कोचची होती, विद्यापीठाची नव्हती. तोंडी शब्द कॉलेजला बांधत नाही आणि मुलालाही नाही. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचं पत्र असायचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता आर्थिक मदतीचा करार सही होऊन हातात येतो, तेव्हाच ऑफर खरी. हे तुम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं. मीही एकदा एका कुटुंबाला ‘कोचने शब्द दिलाय ना, मग निश्चिंत राहा’ असं सांगून बसले होते. त्या मुलाने बाकीची कॉलेजं सोडून दिली आणि फेब्रुवारीत त्याच्या हातात काही उरलं नाही. तेव्हापासून कागद पाहिल्याशिवाय मी कुणाला निश्चिंत राहायला सांगत नाही.

कोच किती सहज हलतात हे मुलाला एका उदाहरणावरून दाखवा. १० जानेवारी २०२४ ला अलाबामा विद्यापीठाचे मुख्य कोच निक सेबन निवृत्त झाले. दोन दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टनचे केलन डीबोअर यांना आणलं. वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश यांना घेतलं, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन यांना, आणि सॅन होजे स्टेटने केन नियुमातालोलो यांना. एक माणूस घरी बसला आणि त्याच महिन्यात चार विद्यापीठांत नवा कोच आला. त्या चारही ठिकाणी ऑफर घेऊन बसलेली मुलं होती. २०२५ चा मोसम तर त्याहून अस्थिर गेला. १२ ऑक्टोबरला पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, २६ ऑक्टोबरला एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, ब्रायन केली यांना. ३० नोव्हेंबरला लेन किफिन ऐन भरात असलेला ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, संघ सोडून एलएसयूला गेले. सह्यांना तेव्हा तीन दिवस उरले होते.

सेबन गेल्यावर अलाबामातून बचावपटू केलेब डाउन्स आणि नुकताच दाखल झालेला क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन ओहायो स्टेटला गेले आणि तिथे चमकले. पण ते देशातले अगदी वरचे खेळाडू होते, एक दार बंद झालं की दहा उघडणारे. किकरचं तसं नसतं, आणि हे तुमच्या मुलाने मोकळेपणाने समजून घ्यायला हवं. संघात किकर दोन-तीन असतात आणि मैदानावर खेळतो एक. तो एक दुसऱ्या वर्षाला असेल आणि चांगला खेळत असेल, तर पुढची दोन-तीन वर्षं ती जागा भरलेलीच. म्हणून किकरला मिळालेला नकार हा बऱ्याचदा नुसत्या जागांच्या हिशेबाचा असतो.

हा हिशेब गेल्या वर्षात आणखी आवळला आहे. ६ जून २०२५ ला ‘हाउस’ खटल्यातली, म्हणजे कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या खटल्यातली, तडजोड कोर्टाने मंजूर केली. पूर्वी मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलसाठी ८५ स्कॉलरशिप असायच्या, पण संघ मात्र १२० च्याही वर जायचा. वरची मुलं वॉक-ऑन, म्हणजे स्वतःच्या खर्चाने खेळणारी. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघातच १०५ जणांची मर्यादा आहे. शिवाय विद्यापीठ खेळाडूंना २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट पैसे देऊ शकतं आणि मोठ्या ठिकाणी त्यातला मोठा वाटा फुटबॉलला जातो. एका जागेची किंमत इतकी वाढली, की कोच अठरा वर्षांच्या मुलावर तीन वर्षं मेहनत घेण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजात दोन मोसम खेळलेला, दबावाखाली किक मारून दाखवलेला बावीस वर्षांचा किकर आणतो. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, त्यासाठीच आहे. २०२१ पासून पहिल्या बदलीला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही आणि २०२४ पासून अभ्यासात नीट असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदलता येतं. पंटचं, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब मारण्याचं, म्हणाल तर तिथे ऑस्ट्रेलियातून तयार होऊन येणाऱ्या मुलांशी गाठ आहे. मेलबर्नची प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही प्रशिक्षण संस्था २००७ पासून हेच काम करते.

आता त्या एका ओळीच्या निरोपाकडे येऊ. नवा कोच डिसेंबरात गप्प का, याचं साधं कारण आहे. या मोसमात पोर्टल २ ते १६ जानेवारी २०२६ एवढंच उघडं आहे. आपले किकर थांबतात की जातात, बाहेरून कोण मिळतो, हे त्यालाच माहीत नाही. म्हणून त्याने तुमच्या मुलाला दारात उभं करून ठेवलं आहे, आत घेतलेलं नाही आणि घालवलेलंही नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बहुधा हेच केलं असतं. पण तुम्ही त्याच्या जागी नाही, आणि त्याची वाट पाहत तुमच्या अर्जांच्या तारखा उलटून गेल्या तर त्याचं काही बिघडत नाही. हे वाचत असतानाच कॉलेजांच्या वेबसाइट उघडून तारखा पाहा. बऱ्याच ठिकाणी नेहमीचे अर्ज आणि अर्ली डिसिजनची (प्रवेश मिळाला तर तिथेच येईन, अशा बांधिलकीच्या अर्जांची) दुसरी फेरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते.

वॉक-ऑन होऊच नये असं माझं म्हणणं नाही. स्टेटसन बेनेट जॉर्जियात वॉक-ऑन म्हणून आला, मध्ये मिसिसिपीतल्या ज्युनियर कॉलेजात जाऊन परतला आणि २०२२ आणि २०२३ च्या जानेवारीत लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन गेला. तरी एवढ्याशा उदाहरणावर घराची गंगाजळी लावू नका. मुलाने, त्यानेच, तुम्ही किंवा बाबांनी नव्हे, त्या कोचला फोन करून विचारावं, की ऑगस्टच्या सराव शिबिराला जाणाऱ्या १०५ मध्ये मी धरलेला आहे का आणि हे लेखी देता का. संघाची यादी विद्यापीठाच्या साइटवर सगळ्यांना दिसते. त्यात किकर किती आणि कोण कुठल्या वर्षाला आहे ते आधी पाहून मगच बोलावं. ‘तुमचा आत्ताचा किकर पुढच्या वर्षी शेवटचा मोसम खेळणार, त्यानंतरच्या जागेसाठी तुम्ही पोर्टल बघणार की शाळेतला मुलगा?’ असं विचारणाऱ्या मुलाला कोच गंभीरपणे घेतात. उत्तर गोल गोल आलं, तर तेच उत्तर समजावं.

पैशाचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात, मला तो तसा सोडवत नाही. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. त्याला फेडरल शैक्षणिक मदत मिळत नाही. एकविसाव्या वाढदिवसाला त्याचं एच-४ संपतं आणि तोवर ग्रीन कार्ड हातात आलं नसेल तर तिथेच शिकत राहायला त्याला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. कॉलेजची स्कॉलरशिप घ्यायला यातल्या कशाचीच आडकाठी नाही. पण नाव-प्रतिमेच्या जाहिरातींतून किंवा विद्यापीठाच्या वाटपातून खेळाडूंना जे पैसे मिळतात, ते या व्हिसांवर घेणं धोक्याचं आहे. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही नको. म्हणजे वॉक-ऑन म्हणून गेल्यास परराज्यातली पूर्ण फी तुमच्या खिशातून जाणार आणि संघातले इतर जे कमावतात ते याला कमावता येणार नाही. बाबांची काळजी इथे अगदी रास्त आहे. त्यांचं म्हणणं मुलासमोर खोडून काढू नका.

मात्र खेळ सोडायचा की इंजिनिअरिंग सोडायचं, असा पेच बाबांनी मांडला आहे, तो मला पटत नाही. फोन करणारी ती दोन छोटी कॉलेजं डिव्हिजन तीनमधली, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातली, आहेत ना? तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, म्हणून आपल्याकडचे पालक नाव ऐकताच फोन ठेवतात. पण याच डिव्हिजनमध्ये एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन आणि शिकागो विद्यापीठ फुटबॉल खेळतात. तुमच्याच राज्यात रोवन आणि टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आहेत, दोन्हीकडे इंजिनिअरिंग आहे. गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते. व्हिसा सांगून प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागेल. शिवाय अशा बऱ्याच ठिकाणी कोच मुलाचे मार्क आधी प्रवेश कार्यालयाला दाखवून अंदाज घेतो. त्याला ‘प्री-रीड’ म्हणतात. कोच ‘अर्ज कर, पाहू’ म्हणतो आणि ‘प्री-रीड झालंय, हिरवा कंदील आहे’ म्हणतो, यात मोठं अंतर आहे. मुलाने दोघांनाही हा शब्द वापरून विचारावं. आयव्ही लीगमध्येही, म्हणजे जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातही, खेळाची स्कॉलरशिप नाही. त्यातलं प्रिन्स्टन तुमच्या घरापासून जवळ आहे, पण तिथल्या कोचने आतापर्यंत विचारलं नसेल तर या वर्षासाठी ते डोक्यातून काढा.

आणि तिथेही कोच बदलतात. कॉलेज निवडताना मुलाने एकदा त्या कॅम्पसवर फुटबॉल वजा करून उभं राहावं: कोच गेलेला, गुडघा प्लास्टरमध्ये, नोव्हेंबरची थंडी. तरी त्याला त्या वर्गांत, त्या लॅबमध्ये, त्या मुलांसोबत चार वर्षं काढावीशी वाटतील का? मोठ्या विद्यापीठाबद्दलही हाच प्रश्न. त्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि तुम्हाला फी झेपत असेल, तर तिथेही तो आनंदाने जाऊ शकतो.

खेळाबाबत एक गोष्ट त्याला लगेच सांगा, कारण त्याच्या व्हिडिओत मला तीच खटकली. फील्ड गोलच्या, म्हणजे पोलमधून घालायच्या, सगळ्या किक त्याने शाळेच्या नियमाप्रमाणे ठोकळ्यावरून मारल्या आहेत. कॉलेजात ठोकळा चालत नाही, चेंडू गवतावर ठेवून मारावा लागतो. पोलमधलं अंतरही शाळेत २३ फूट ४ इंच असतं, कॉलेजात १८ फूट ६ इंच, म्हणजे जवळजवळ पाच फूट अरुंद. कोच ठोकळ्यावरची ५० यार्डांची किक पाहतो आणि मनातल्या मनात त्यातून काही वजा करतो. जमिनीवरून मारलेल्या दहा सलग किक, मध्ये कुठेही न कापता, चुकलेल्यांसकट, आणि सोबत पाच किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना मारायच्या लांब किक, चेंडू हवेत किती सेकंद राहिला ते दिसेल असे, हा व्हिडिओ त्याच्या सध्याच्या सजवलेल्या व्हिडिओपेक्षा जास्त कामाचा आहे. पंटही शिकत असेल तर तोही घालावा. तिन्ही कामं करणारा एक पाय १०५ जणांच्या यादीत एक जागा वाचवतो, आणि सध्या कोचला नेमकी तीच हवी आहे.

एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, हिच्या पात्रतेचं तपासून घ्या: १६ मुख्य विषय आणि डिव्हिजन एकसाठी त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक). तुम्ही पाठवलेल्या मार्कांवरून त्याला तिथे काही अडचण दिसत नाही.

राहिला त्याचा अबोला. ताई, देशात दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत फुटबॉल खेळतात. त्यातल्या मोजक्यांनाच कुठल्या तरी कॉलेजातून दर आठवड्याला फोन येतो, आणि तुमच्या मुलाला दोन येतात. पण हे आत्ता त्याला ऐकवू नका, त्याला ते समजूत काढल्यासारखं वाटेल. त्याने चारचौघांत, मंडळाच्या दिवाळीतसुद्धा, त्या विद्यापीठाची टोपी घातली होती असं तुम्ही लिहिलंय. आता लोक विचारणार, आणि त्याला त्याचीच भीती असेल. लोकांना काय सांगायचं ते त्याला ठरवू द्या आणि घरात सगळ्यांनी तेवढंच सांगा. कुणी मावशी-काकांनी खोदून विचारलं तर विषय तुम्ही बदला.

या शनिवारी बाबांना त्याच्यासोबत मैदानावर पाठवा. फोन तिवईवर लावायचा, चेंडू धरून ठेवायचा आणि मारलेले चेंडू गोळा करून आणायचे, एवढंच त्यांचं काम. इंजिनिअरिंगचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. रविवारी तो व्हिडिओ दोन्ही छोट्या कॉलेजांच्या कोचना आणि त्या मोठ्या विद्यापीठालाही जाऊ दे. प्री-रीडबद्दल काय उत्तर आलं ते मला लगेच कळवा. अर्ज कुठे आधी टाकायचा हे त्यावरून ठरवू.