युरोपीय संघात नवा देश घ्यायला लोक का बिचकतात?

तुम्ही विचारलंय की नवा देश संघात घ्यावा की नाही, हे युरोपातला सामान्य माणूस कशावरून ठरवतो.

मी हिंगणघाट तालुक्यात कापूस-सोयाबीन करतो, युरोप पाहिलेला नाही. पण आमच्या पीककर्ज अन् खत देणाऱ्या सहकारी सोसायटीत शेजारचं गाव जोडायचा विषय निघाला, तेव्हा सभेत होतो. सचिवांनी वसुली, व्याज, सगळा हिशेब नीट मांडला. मागून एक बुढा उठला, "काहून जी, सातबाऱ्यावर दोन बॅगा युरिया भेटते, तोच पुरत नाही, अन् त्याइले कायले घेता?" झालं. पुढं हिशेब कोणी ऐकलाच नाही. बरं, त्या गावाशी आमच्या सोयरिकी आहेत, वैर काहीच नाही.

पोलंडचं असंच झालं. तो संघात आहे, अन् शेजारच्या युक्रेनला संघात यायचंय. 2022 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथल्या लोकांनी युक्रेनच्या निर्वासितांना घरात ठेवून घेतलं. मग समुद्राची वाट अडल्यामुळे युक्रेनचं धान्य पोलंडमार्गे निघालं, त्यातलं बरंच तिथेच विकलं गेलं, भाव पडले. 2023 च्या एप्रिलमध्ये सरकारने आयात बंद केली, 2024 मध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावून सीमेवरचे रस्ते अडवले. त्यात संघाच्या बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा शेतीला जातो, अनुदान मुख्यतः हेक्टरवर मिळतं, आणि युक्रेनची शेतजमीन 4 कोटी हेक्टरच्या घरात. म्हणजे पुन्हा युरियाच. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं तेव्हा आमच्या पारावरची भाषा काही वेगळी नव्हती.

तुर्कस्तानच्या बाबतीत मात्र पैशापेक्षा धर्म अन् 'हे आपल्यातले नाहीत' हीच भावना जास्त आड आली, असं माझं मत. त्याला संघात घ्यायची बोलणी 2005 मध्ये सुरू झाली, ती अजून लटकलेलीच आहेत.

आणि कधी राग भलत्यावरच निघतो. 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये युक्रेनशी नुसत्या सहकार्य करारावर मतदान झालं. 32 टक्के लोक आले, त्यातले 61 टक्के 'नाही' म्हणाले. युक्रेनपेक्षा ब्रसेल्सवर, म्हणजे संघाच्या कारभारावर, आणि स्वतःच्या सरकारवर चिडलेले त्यात पुष्कळ होते. आमच्या ग्रामसभेत ठराव नालीचा असला तरी शिव्या सरपंचालाच.

2004 मध्ये 10 देश आले, तेव्हा जुन्यांना सांभाळायला अटी होत्या. त्यातल्या 8 देशांच्या मजुरांना जास्तीत जास्त 7 वर्षं अडवायची मुभा, शेतीचं थेट अनुदान सुरुवातीला 25 टक्केच. आमच्याकडेही खत गावनिहाय वेगळं उतरेल असं लेखी दिलं, तेव्हा त्या बुढ्यानेच अनुमोदनाला हात वर केला.