स्क्रीन रेकॉर्डिंगचे व्हिडिओ एडिट करायला नवशिक्याने कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि मधले सगळे पॉज कापून टाकावेत का?

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ, फुकट आणि ओपन सोर्स. एडिटिंगला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, तीही फुकट. मशीन दणकट असेल, ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. यातलं कुठलंही चालेल, निवडण्यात आठवडा घालवू नका.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मधले सगळे पॉज कापून टाकायचे का, तो वाचला आणि म्हटलं आज उत्तर लिहायचंच. या एका सल्ल्यापायी मी एका ऑफिसात बरीच डोकेफोड केलेली आहे.

नाही. सगळे कापायचे नाहीत. नवीन माणसाला शिकवायच्या व्हिडिओत तर अजिबात नाही.

झालं असं की ऑफिसात बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर जाऊन नवीन आलं आणि ते शिकवायचे व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं, कारण तोवर लोकांच्या शेजारी बसून मीच शिकवत होतो. मी स्क्रीन रेकॉर्ड केली, शेजारी बसून बोलतो तसंच सावकाश बोललो आणि फायली व्हिडिओवाल्या टीमकडे दिल्या, पद्धतच तशी होती. तिथल्या एडिटरने पूर्ण रेकॉर्डिंगवर सायलेन्स काढणारं टूल फिरवलं. म्हणजे आवाज एका पातळीच्या खाली गेला की तेवढा तुकडा चित्रासकट उडतो. त्यावर म्युझिक, दर दोन वाक्यांनी झूम, आणि प्रत्येक झूमला हूश असा आवाज. व्हिडिओ जवळजवळ निम्मा झाला. मीटिंगमध्ये दाखवला तर सगळे खूश, काय फास्ट झालाय, काय प्रोफेशनल वाटतोय. त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला ते सॉफ्टवेअर आधीपासून येत होतं, हे कोणी लक्षातच घेतलं नाही.

व्हिडिओ लोकांपर्यंत गेले आणि मला फोन यायला लागले. बिलिंगमध्ये आयुष्य काढलेल्या एक मॅडम, कामाला एकदम चोख, त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोलताय तोवर यादी दिसतेय आणि लगेच सेटिंगचं पान आलंय. ते उघडलं कुठून? मी चारदा मागे नेऊन बघितलं, दिसतच नाही." आणि पुढे म्हणाल्या, "माझंच लक्ष नसेल हो, वय झालं आता." हे वाक्य मला फार लागलं. त्यांचं लक्ष पूर्ण होतं. ती गोष्ट व्हिडिओत नव्हतीच, चाळीस वेळा बघितलं असतं तरी दिसली नसती.

मग मी मूळ फाइल आणि कापलेली फाइल शेजारी शेजारी लावून बघितली. मूळ फाइलमध्ये मी म्हणतो "आता आपण सेटिंगमध्ये जाऊ" आणि गप्प होतो. कर्सर डावीकडच्या यादीतून निघतो, वर उजव्या कोपऱ्यातल्या बारीक चक्राच्या चिन्हावर जातो, थांबतो, क्लिक होतं, मेनू उघडतो, त्यातली तिसरी ओळ, परत क्लिक, पान लोड होतं. या सगळ्यात मी एक शब्द बोललेलो नाही, क्लिक करताना माणूस सहसा बोलत नाहीच. टूलला इथे शांतता सापडली आणि त्याने ती कापली. जे दाखवायला व्हिडिओ केला तेच गेलं, माझं बोलणं तेवढं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, पॉज कापताना कानाने कापू नका, डोळ्याने कापा. आवाज बंद करून टाइमलाइन, म्हणजे एडिटरमधली क्लिप मांडायची पट्टी, चालवा. स्क्रीनवर काहीही हलत नाहीये आणि तुम्ही पुढचं वाक्य आठवताय, तो पॉज कापा, बिनधास्त. कर्सर एका जागेहून दुसऱ्या जागी चाललाय, मेनू उघडतोय, टाइप होतंय, तिथे हात लावू नका. आणि क्लिकनंतर नवीन पान आलं की एक-दोन सेकंद ते तसंच दिसू द्या, कारण बघणाऱ्याला ते पान पहिल्यांदा दिसतंय, आपण कुठे आलो हे त्याला शोधायला लागतं.

मी हे त्या एडिटरना सांगितलं तर ते म्हणाले, "सर, रिटेन्शन पडतं. शांतता असली की लोक निघून जातात." आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, शिकवणं तुमचं, एडिटिंग आमचं. मला हे तेव्हाही मान्य नव्हतं, आताही नाही. शिकवायच्या व्हिडिओत कुठे कापायचं हे ठरवणं म्हणजे शिकवणंच आहे.

त्यांचा आवडता आधार म्हणजे सहा मिनिटांचा नियम. तो येतो २०१४ च्या एका अभ्यासातून, फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली होती आणि सहा मिनिटांपुढे लोकांचं बघणं घसरतं असं त्यांना दिसलं. बरोबर आहे. पण त्यातून घ्यायचं ते हे की विषय लहान तुकड्यांत आखा, एका व्हिडिओत एकच काम शिकवा. बारा मिनिटांच्या कामातून कर्सर कापून सहा मिनिटं करा असं त्यात कुठे आहे? त्याच अभ्यासात जरा वेगाने आणि उत्साहाने बोलणारे शिक्षक लोक जास्त बघतात असंही आहे, तर बोलण्यात जीव ओता, तो सल्ला मी आनंदाने घेतो.

आणि रिटेन्शनच्या ग्राफमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती लोक बघतायत ते दाखवणाऱ्या आलेखात, जिथे टोक वर जातं तिथे बरेचदा लोक मागे येऊन तोच भाग परत बघत असतात. करमणुकीच्या व्हिडिओत ती चांगली खूण असेल. शिकवायच्या व्हिडिओत अशा टोकावर जाऊन आधी बघा की तिथे तुम्ही काही कापलंय का.

शिवाय वेग वाढवायचं बटण बघणाऱ्याकडे आहेच की. यूट्यूबवर दीडपट, दुप्पट करता येतं, ज्याला येतंय तो करेल. कापलेलं परत आणायचं बटण मात्र कोणाकडे नाही. आणि चॅप्टर टाका, डिस्क्रिप्शनमध्ये किमान तीन टाइमस्टॅम्प लिहायचे, पहिला ०:०० चा, प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा. ज्याला पुढे उडी मारायची आहे त्याला मारू द्या.

म्युझिकवरूनही तेव्हा वाद झाला होता. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मेयर यांनी २००० साली दाखवलंय की आकाशातली वीज कशी तयार होते हे समजावणाऱ्या अ‍ॅनिमेशनमागे निवेदनासोबत म्युझिक लावलं तर शिकणाऱ्यांच्या लक्षात कमी राहतं. तुम्हाला लावायचंच असेल तर सुरुवातीच्या नावापुरतं लावा आणि बोलणं सुरू झालं की बंद.

शेवटी मी मूळ फायली घेऊन स्वतः बसलो आणि परत कापल्या. माझे व्हिडिओ त्यांच्यापेक्षा लांब झाले, साधे दिसले, मीटिंगमध्ये कोणी वाहवा केली नाही. पण सेटिंगचं पान कुठून उघडलं हा फोन परत आला नाही, आणि त्या मॅडमनी नंतर शेजारच्या दोघांना स्वतः शिकवलं. मला तेवढं पुरे होतं.

आता तुम्ही करताना काय करा. निम्मं एडिटिंग रेकॉर्डिंगच्या वेळीच होतं. बटणाचं नाव आधी बोला, कर्सर त्यावर नेऊन थांबवा, मग क्लिक करा, म्हणजे गप्प राहण्याचा काळ आपोआप कमी होतो. उगाच कर्सर गोल गोल फिरवू नका. बोलताना अडखळलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका, कर्सर वाक्याच्या सुरुवातीला होता तिथे परत न्या, दोन सेकंद गप्प राहा आणि पूर्ण वाक्य पहिल्यापासून म्हणा. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, ती सपाट जागा लगेच दिसते, आणि कर्सर जागेवर असल्यामुळे कट कळत नाही. बोलणं लांबलं आणि चित्र कमी पडलं तर शेवटची फ्रेम फ्रीज करून ताणा. इन्स्टॉलेशन किंवा डाउनलोडसारखं लांबलचक काही असेल तर ते पूर्ण उडवण्यापेक्षा आठपट वेगाने पळवा आणि वर लिहा की प्रत्यक्षात वेळ लागतो, नाहीतर बघणारा स्वतः करताना घाबरतो की आपलं अडकलं वाटतं.

झूम करा, पण कर्सर थांबलेला असताना करा आणि पुढच्या जागी जायच्या आधी पूर्ण स्क्रीनवर परत या, म्हणजे आपण पानावर कुठे आहोत हे सुटत नाही. १९२० बाय १०८० ला रेकॉर्ड करून त्याच साइजला एक्सपोर्ट करणार असाल तर जास्त झूम केल्यावर अक्षरं फाटतात. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या आधीच ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबून १२५ किंवा १५० टक्के करा. अर्धेअधिक लोक फोनवर बघतात असं धरून चाला. गडद पार्श्वभूमीवर लाल किंवा निळी बारीक अक्षरं टाळा. व्हिडिओत रंगाची माहिती सहसा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी रेझोल्यूशनने साठवतात, त्यामुळे अशी अक्षरं हमखास पुसट होतात, मग कितीही बिटरेट (सेकंदाला किती डेटा) द्या. सेटिंग शोधत बसाल म्हणून सांगतोय.

ओबीएसमध्ये एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा, मध्येच लाइट गेली किंवा प्रोग्राम बंद पडला तरी तोपर्यंतचं वाचतं. मग फाइल मेनूमधून रिमक्स करून, म्हणजे आतलं चित्र-आवाज तसंच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलून, एमपी४ करून घ्या, क्वालिटी जात नाही. माइक एका ट्रॅकवर आणि कॉम्प्युटरचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे मध्ये टिंग वाजलं तर तेवढंच काढता येतं. फोनवर रेकॉर्ड केलेली स्क्रीन असेल तर फ्रेम रेट बरेचदा कमीजास्त होत असतो आणि लांब व्हिडिओत आवाज हळूहळू चित्रापासून सरकतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (कायम एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका. सुरुवातीला पाच सेकंद काही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्राममध्ये नॉइज प्रोफाइल, म्हणजे काढायच्या खरखरीचा नमुना, घ्यायला तीच लागते.

एक्सपोर्टला १०८० साठी ३० फ्रेमला ८ एमबीपीएस बिटरेट हा यूट्यूबचाच सल्ला आहे. आवाज उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक, LUFS) आसपास ठेवा, त्याहून मोठा केलात तर यूट्यूब वाजवताना खाली आणतंच.

आता काही गोष्टी मला आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं नवीन शिकणाऱ्यांसाठीच्या व्हिडिओबद्दल आहे. तुमचा बघणारा रोज तेच सॉफ्टवेअर वापरणारा असेल आणि त्याला फक्त नवीन फीचर बघायचं असेल, तर घट्ट कापलेला व्हिडिओ त्याला आवडेल, तिथे माझा आग्रह नाही. गेमचं रेकॉर्डिंग हा तर वेगळाच प्रकार. सायलेन्स काढणारी टूल वाईट आहेत असंही नाही, नुसतं तोंडासमोर कॅमेरा ठेवून बोलताय तर जरूर वापरा. स्क्रीन रेकॉर्डिंगवर वापरलीत तर त्याने केलेला एकेक कट आवाज बंद करून तपासा, आणि तेवढा वेळ नसेल तर वापरू नका.

पासवर्ड, ईमेल, ग्राहकाचं नाव असं काही दिसत असेल तर त्यावर अख्खा काळा चौकोन टाका, चौकटीचौकटीचं पिक्सलेशन नको. २०२० मध्ये आलेलं डेपिक्स नावाचं टूल अशा झाकलेल्या अक्षरांतून मूळ मजकूर काही वेळा परत काढून दाखवतं. आणि हे अपलोडच्या आधी बघा. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवीन फाइल चढवता येत नाही, तिथल्या एडिटरमध्ये तुकडा काढता येतो किंवा धूसर करता येतो, पण चित्रातलं बाकी काही बदलायचं तर नवीन अपलोड आणि नवीन लिंक.

अपलोडच्या आधी व्हिडिओ ज्याला ते काम येत नाही अशा एखाद्याला दाखवा. तुम्ही गप्प बसा, स्क्रीनकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. जिथे तो मागे नेईल ती वेळ लिहून घ्या आणि आधी तिथलं कटिंग उघडा. एडिटिंग येणाऱ्या मित्राला दाखवलंत तर तो म्हणेल अजून फास्ट कर, त्याचं ऐकू नका.