धौलाधारमधलं 'फुरसं'

प्रश्न : नमस्कार, सप्टेंबरमध्ये आम्ही पाच जण हिमाचलमधल्या धौलाधार रांगेतला इंद्रहार पास (खिंड) ओलांडून कांगड्याकडून चंब्याच्या बाजूला उतरलो. कुआरसी गाव जवळ आलं तसं एका दगडी बांधावर हातभर लांबीचा तपकिरी साप वेटोळं करून ऊन खात पडलेला. मी मूळचा रत्नागिरीचा, लहानपणी फुरशी भरपूर बघितलीत, त्यामुळे फुरसं फुरसं म्हणून ओरडलोच. गाइड म्हणाला काही करत नाही, साधा आहे. ग्रुपवर अजून दोन तट आहेत. फोटो पाठवतोय, खरं कोण?

उत्तर : दोघंही चुकलात, आणि गाइड जास्त चुकला, कारण हा विषारीच आहे. हा हिमालयन पिट व्हायपरच्या कुळातला, म्हणजे आपल्या आंबोलीतल्या चापड्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. तुमचा तिसरा फोटो झूम करून बघा, डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक छोटा खड्डा दिसेल, नाकपुडीपेक्षा वेगळा. तोच पिट, त्याने समोरच्या प्राण्याच्या अंगातली उष्णता कळते, अंधारात उंदीर दिसला नाही तरी चालतं. फुरशाला हा खड्डा नसतोच. शिवाय फुरशाच्या डोक्यावर सगळे बारीक खरबरीत खवले असतात आणि बाणासारखी खूण, इथे मात्र डोक्यावर मोठमोठे सपाट खवले फरशी बसवल्यासारखे आहेत आणि डोळ्यापासून जबड्यापर्यंत गडद पट्टा गेलाय. आणि फुरसं चिडलं की अंग अंगावर घासून जो करकर आवाज काढतं तो तुम्हाला कोकणात ऐकून माहीत असणारच, तो इथे आला नसेल.

एवढ्या थंडीत साप राहतो कसा, हे मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं. ह्या सापाची नोंद चक्क ४,८७७ मीटरवर झालीये, म्हणजे तुमच्या पासच्याही वर. हिवाळाभर खडकांच्या फटीत पडून राहायचं आणि ऊन आलं की तापलेल्या दगडावर येऊन बसायचं, तुम्हाला दिसला तसा. अंडी घालत नाही, थेट पिल्लंच, त्यामुळे आई उन्हात बसली की पोटातली पिल्लंही शेकतात. थंड मातीत अंडी टाकून काय झालं असतं विचार करा. खातो गोम, सुरवंटासारखे दिसणारे वाणी, सापसुरळी, उंदीर.

आता मजा. गुंथर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये नाव दिल्यापासून पश्चिम हिमालयातले हे सगळे एकच समजले जायचे, पण २०२२ मध्ये खवल्यांची मोजणी आणि डीएनए बघून चंब्यातला वेगळा काढला, नाव ग्लॉयडियस चंबेन्सिस. तुमचा फोटो धौलाधारच्या नेमका चंब्याकडच्या उताराचा! त्यामुळे माझी पैज चंबेन्सिसवर, पण खवले मोजल्याशिवाय कुणी शपथेवर सांगू नये.

चावला तर खूप सूज आणि वेदना. आपली अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांसाठी बनते, ह्याच्यासाठी नाही, म्हणून पाय हलू न देता हॉस्पिटल गाठायचं, बांधाबांधी-कापाकापी नको. आणि पुढच्या वेळी मोबाइल झूम करा हो, तुम्ही स्वतः झूम होऊ नका, पहिल्या फोटोत तुमच्या बुटाचं टोक दिसतंय.

ओरिजिनल फाइल लोकेशन न पुसता पाठवाल का? ग्रुपवरून आलेल्या फोटोत ते उडालंय.