नकाशा नंतर, आधी बोळात उभी राहा

खोताच्या वाडीत, म्हणजे मुंबईतल्या जुन्या वारसा घरांच्या वस्तीत, घराला वाढीव बांधकाम करायचा प्रस्ताव पहिल्यांदाच तपासतेयस, म्हणून सांगतो. फाईल उघडण्याआधी गिरगावात जा आणि त्या बोळात उभी राहा. वास्तुविशारदाचं रंगीत चित्र बहुतेक वेळा घारीच्या नजरेनं काढलेलं असतं. चालणाऱ्याला दिसतो तो व्हरांडा, बाहेरचा लाकडी जिना आणि कौलांची वळचण. नवीन मजला तिथून डोकावतो का, ते बघ.

मग घराची वारसा श्रेणी, म्हणजे महत्त्वानुसार दिलेला दर्जा, कोणती ते बघ. १९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमावलीत दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे भाग आहेत. ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामाला काही परिस्थितीत मुभा मिळते, पण उंची आणि दर्शनी भाग मूळ वास्तूशी जुळायला हवेत. 'जुळणं' म्हणजे नक्कल नव्हे. खोटी नक्षीदार कठडापट्टी लावून आणलेल्या सिमेंटच्या खोलीपेक्षा मागच्या अंगाला गुमान बसलेली साधी खोली मला कधीही चालेल.

आणि नळ विचार! एकदा आम्ही मागचं न्हाणीघर बिनबोभाट मंजूर केलं. सांडपाण्याचा पाइप नकाशात नव्हताच. तो आला थेट दर्शनी भिंतीवरून, व्हरांड्याच्या खांबाला खेटून. तेव्हापासून पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं यंत्र, गटाराची जोडणी, सगळं नकाशावर दाखवायला लावतो.

घरमालकाशी मात्र गोडीनं बोल. कौलं गळतात ती त्याच्या डोक्यावर, आपल्या नाही.